अकूस्टिक गिटारची जाहिरात: लाकडी चिमटे दाखवायचे की रोबो?

तंतुवाद्यप्रेमी (धागालेखक)

अकूस्टिक गिटारच्या जाहिराती नीट पाहिल्या तर दोनच चित्रे आलटून पालटून दिसतात. एका चित्रात जुनी कार्यशाळा, लाकडाचा भुसा, पटाशी धरलेला अनुभवी हात आणि कंपनीचे स्थापनावर्ष असते. दुसऱ्या चित्रात काळेभोर कार्बन फायबर, टचस्क्रीन आणि अशी गिटार आजवर झालीच नाही हा दावा असतो. वाद्य घेताना ग्राहकाला जे खरोखर कळायला हवे, म्हणजे वरचा तक्ता अखंड लाकडाचा आहे की थर चिकटवून केलेला, नेक (गिटारची लांब मान) कोणत्या सांध्याने जोडली आहे आणि आपल्या गावच्या हवेत हे वाद्य कसे वागेल, ते यांपैकी एकाही चित्रात नसते. परंपरा सांगून गिटार विकण्यात मला काहीही गैर वाटत नाही. मात्र ती परंपरा प्रत्यक्षात कशी घडली आणि आजच्या वाद्यात तिच्यातले नेमके काय उरले आहे, हे विकणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यावर येथील जाणकारांशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सर्वांत ठळक उदाहरण मार्टिन कंपनीचे आहे. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन 1833 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झाला. ते 1833 हे साल आजही कंपनीच्या बोधचिन्हात अभिमानाने झळकते. पण तो गाव सोडून का आला, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या गावातल्या व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या संघाचे म्हणणे असे होते की गिटार बनवण्याचा हक्क आमचा आहे, सुतारांच्या संघातल्या मंडळींनी त्यात हात घालू नये. आणि मार्टिनचे घराणे सुतारांच्या संघातले होते. म्हणजे आज जे नाव परंपरेचे दुसरे रूप मानले जाते, त्याच्या मुळाशी परंपरेच्या मक्तेदारीशी झालेला झगडा आहे.

पुढची कथाही तशीच आहे. तक्त्याच्या आतून इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात पट्ट्या बसवण्याची रचना मार्टिनने 1840 च्या दशकात वापरायला सुरुवात केली, तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा असत. पोलादी तारा पुढे 1920 च्या दशकात रुळल्या आणि त्यांचा ताण पेलायला तीच रचना उपयोगी पडली. ड्रेडनॉट हा मोठा आकार 1916 मध्ये ऑलिव्हर डिटसन या विक्रेत्या कंपनीसाठी बनवला गेला, त्याला नाव दिले ते 1906 च्या ब्रिटिश युद्धनौकेचे, आणि मार्टिनने तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला तो 1931 मध्ये. चौदा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खोडाच्या, म्हणजे पोकळ पेटीच्या, बाहेर असलेली गिटार 1929 मध्ये आली, कारण पेरी बेक्टेल या बँजोवादकाला बँजोसारखी लांब आणि मोकळी नेक हवी होती. आज 'अस्सल पारंपरिक' म्हणून जी गिटार दाखवतात, ती मागणी येईल तसतसे केलेल्या अशा बदलांतूनच उभी राहिली आहे. हे बदल जाहिरातीत अभिमानाने सांगण्यासारखे आहेत, आणि नेमके तेच तेथे सांगितले जात नाहीत.

आपल्याकडच्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट लाकडाची आहे. मार्टिनच्या डी-28 सारख्या गिटारींची पाठ आणि बाजू पूर्वी ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर 1969 च्या सुमारास कंपनी भारतीय रोझवूडकडे वळली. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपले शिसवी लाकूड, ज्याचे पलंग आणि देवघरे आपल्या आजोळच्या घरांत असत. तेव्हा अनेक वादकांनी त्याला नाइलाजाने स्वीकारलेला पर्याय मानले. आज त्याच लाकडाची गिटार अभिजात म्हणून विकली जाते. सह्याद्रीत उगवणाऱ्या झाडाने अमेरिकन परंपरा सावरली, पण जाहिरातीत त्या झाडाचे जंगल क्वचितच दिसते.

दुसऱ्या टोकाला टेलर कंपनी आहे. 1974 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या कंपनीकडे मिरवायला जुने साल नव्हते, म्हणून तिने कामाची पद्धतच लोकांसमोर ठेवली. संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे गिटारसाठी वापरणाऱ्या पहिल्या कंपन्यांत ती होती, आणि 1999 मध्ये तिने बोल्टने जोडलेल्या नेकची नवी रचना आणली. 1995 मध्ये बॉब टेलर यांनी माल वाहण्याच्या ओक लाकडाच्या पॅलेटपासून एक गिटार बनवली आणि तिच्या फिंगरबोर्डवर (नेकवरच्या बोटे दाबायच्या पट्टीवर) फोर्कलिफ्टचे चित्र जडवले. महागड्या लाकडाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व बनवणाऱ्याच्या कौशल्याला आहे, हे त्यांना दाखवायचे होते. 2011 मध्ये कंपनीने एका स्पॅनिश भागीदारासह कॅमेरूनमधली एबनी या काळ्या लाकडाची गिरणी घेतली. तेथे लक्षात आले की संपूर्ण काळे लाकूड मिळवण्यासाठी तोडकरी झाडामागून झाड तोडत आणि फिकट रेषा असलेले लाकूड जंगलातच सोडून देत. त्यानंतर टेलरने रेषांचे एबनी वापरायला सुरुवात केली आणि त्याचे कारण ग्राहकांना उघडपणे सांगितले. गिटारच्या बाजारातली मला सर्वांत प्रामाणिक वाटलेली जाहिरात ती हीच.

नवेपणा सांगितला की तो टिकतोच, असेही नाही. हेलिकॉप्टर बनवणारे अभियंते चार्ल्स कामन यांनी 1966 मध्ये ओव्हेशन गिटार आणली. तिची पाठ कृत्रिम द्रव्याची आणि गोलाकार होती. ग्लेन कॅम्पबेलसारख्या गायकामुळे ती घरोघरी पोहोचली आणि सॅडलखालच्या (तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिकअपमुळे, म्हणजे तारांची कंपने ॲम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या साधनामुळे, मंचावर तिला मोठी मागणी आली. पुढे इतर कंपन्यांनी तसेच पिकअप लाकडी गिटारींत बसवले, आणि ओव्हेशनचा जोर ओसरला. तिची जी सुधारणा वादकाच्या कामाची होती ती सर्वांनी उचलली. गोल पाठ मात्र मांडीवरून घसरते ही तक्रार शेवटपर्यंत राहिली.

आपणांपैकी ज्यांनी गिटार विकत घेतली आहे, विकली आहे किंवा दुरुस्त केली आहे, त्यांनी आपले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडावेत.

कोकणवासी

लेख आवडला. हवेचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात, परंतु आमच्यासाठी सगळा व्यवहार तेथेच येऊन थांबतो. अखंड लाकडाच्या गिटारसाठी कंपन्या साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता सांगतात. जुलैत आमच्या किनाऱ्यावर ती कित्येक दिवस 85 च्या खाली उतरत नाही. लाकूड पाणी धरते, तक्ता ब्रिजमागे (तारा जेथे तक्त्याला अडकवतात त्या ठोकळ्यामागे) फुगतो, तारा फिंगरबोर्डपासून वर उचलल्या जातात आणि गणपतीच्या सुमारास बाराव्या फ्रेटवर बोट दाबताना हात भरून येतो. घरातला लोखंडी सरळपट्टीचा तुकडा तक्त्यावर आडवा ठेवला तर दोन्ही कडांखालून प्रकाश दिसतो. अशा वेळी सॅडल घासून तारा खाली आणल्या तर उन्हाळ्यात लाकूड पुन्हा बसते आणि तारा फ्रेटवर खरखरू लागतात.

नेकच्या सांध्याविषयीही थोडे लिहितो. जुन्या पद्धतीचा डव्हटेल सांधा (पक्ष्याच्या शेपटीसारखा पसरट तुकडा तशाच खाचेत बसवलेला) सरसाने पक्का केलेला असतो. वर्षानुवर्षे तारांच्या ताणाने नेकचा कोन बदलला की फिंगरबोर्डचे टोक गरम करून पातळ सुरीने सोडवावे लागते, एक फ्रेट काढून त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडावे लागते आणि त्यातून वाफ सोडून सांधा सैल करावा लागतो. हे काम जाणकाराचे आहे, आणि असा जाणकार आमच्या जिल्ह्यात मला अजून सापडलेला नाही. बोल्टची नेक असेल तर पाचर बदलून तोच कोन फार थोड्या वेळात दुरुस्त होतो. जाहिरातीत डव्हटेलला परंपरेचा मान मिळतो आणि बोल्टला स्वस्ताईचा वास लावला जातो. आमच्या हवेत राहणाऱ्याने ती प्रतिष्ठा काय करायची?

नाझरेथचा शेजारी

मी नाझरेथपासून गाडीने थोड्या अंतरावर राहतो आणि मार्टिनचा कारखाना पाहिला आहे, म्हणून लिहितो. गिटारच्या वाकवलेल्या बाजूंच्या कडेला आतून खाचा पाडलेली लाकडी पट्टी चिकटवतात. तो सरस सुकेपर्यंत ती पट्टी दाबून धरायला तेथे कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. एकेका गिटारच्या कडेला चिमट्यांची दाट रांग लागलेली असते आणि ती पाहताना खरोखर मन भरून येते. त्याच इमारतीत पुढे गेलात की काचेआड रोबोचा हात गिटारचे खोड फिरत्या चाकावर धरून चमकवताना दिसतो. रोबोचा दाब सर्वत्र सारखा राहतो आणि माणसाच्या खांद्यांवरचे सर्वांत कष्टाचे काम वाचते.

त्यामुळे कंपनी बदल लपवते हे मला पूर्ण मान्य नाही. भेट देणाऱ्याला ती सारे दाखवते. मात्र छायाचित्रांत आणि माहितीपत्रकांत चिमटे जितके दिसतात तितका रोबो दिसत नाही, हे खरे आहे. शिवाय त्याच कंपनीची 'एक्स' मालिका मेक्सिकोत बनते आणि तिची पाठ-बाजू दाबून केलेल्या लॅमिनेटची असते, स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटांवर असते तशा जातीच्या. ती गिटार वाईट नाही. कोकणवासींच्या हवेत कदाचित तीच अधिक शहाणपणाची ठरेल. पण तिच्यावरही तेच 1833 साल असते, आणि नवख्या ग्राहकाला दोन्हींतला फरक त्या सालावरून कळत नाही.

पेठेतला विक्रेता

मी पुण्यात वाद्यांच्या दुकानात काम करतो. येथे मांडलेले मुद्दे योग्य आहेत, पण काउंटरच्या या बाजूने चित्र वेगळे दिसते. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिली गिटार घेणारे असतात. त्यांत मुलाचा किंवा मुलीचा हात धरून आलेले आईवडील पुष्कळ. ते आधी रंग पाहतात, मग किंमत विचारतात, मग बॅग आणि तारांचा जादा संच मिळेल का असे विचारतात. 'लॅमिनेट' हा शब्द उच्चारला की त्यांच्या चेहऱ्यावर फसवणुकीची शंका उमटते, आणि मग मी कितीही समजावले की शिकाऊ मुलासाठी, पावसाळ्यात कपाटावर पडून राहणाऱ्या वाद्यासाठी, थरांचा तक्ताच सोयीचा आहे, तरी ते शेजारच्या दुकानात जाऊन कुणी तरी 'सॉलिड' म्हटलेली गिटार घेतात. ती खरोखर अखंड लाकडाची आहे का, हे ध्वनिछिद्राच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग उतरतात का ते पाहून कळते. हे मी प्रत्येकाला दाखवतो. पाहणारे थोडेच असतात.

कथा विकली जाते आणि तपशील विकला जात नाही, ही आमची रोजची अडचण आहे. तंतुवाद्यप्रेमींनी यावर काही व्यवहार्य सुचवले तर मी ते दुकानात करून पाहायला तयार आहे.

मृण्मयी_स्वर

परंपरेची चर्चा चालू आहे म्हणून एक बाजू मांडते. जाहिरातींतली परंपरा ड्रेडनॉट घेतलेल्या पुरुषाची असते, जणू गिटार पहिल्यापासून त्याचीच होती. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गिटार हे प्रामुख्याने दिवाणखान्यातले वाद्य होते आणि ते वाजवणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. एक्स आकाराच्या पट्ट्या असलेली मार्टिनची सर्वांत जुनी ज्ञात गिटार 1843 ची आहे आणि ती मादाम दे गोनी या वादिकेसाठी बनवलेली होती. म्हणजे ज्या रचनेवर सगळा डोलारा उभा आहे तिचे पहिले ज्ञात वाद्यच एका स्त्रीच्या हाती गेले. लहान खोडाच्या त्या जुन्या गिटारी आज 'पार्लर' नावाने परत आल्या आहेत, पण त्यांना प्रवासाची किंवा हौसेची गिटार म्हटले जाते.

माझी उंची कमी आहे. ड्रेडनॉट मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाशी येतो आणि तासाभरात मान धरते. लहान खोडाची गिटार मागितली तर अनेकदा मुलांसाठीची अर्ध्या-पाऊण मापाची दाखवली जाते. फ्रेटमधले अंतर मोठ्यांचे आणि खोड लहान, असा प्रकार असतो हे ग्राहकाला कुणी सांगतच नाही. फेंडर कंपनीनेच 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रिया आढळल्या होत्या. विक्रेत्यांना परंपराच सांगायची असेल तर ही सांगावी, ती अधिक जुनी आहे आणि बाजाराच्याही फायद्याची आहे.

नादशास्त्र

लाकडाच्या कथेविषयी प्रयोगाचा आधार देतो. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. आकार, तक्ता आणि बांधणी सारखी ठेवली आणि फक्त पाठ-बाजूचे लाकूड बदलले. त्यांत ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड होते. 52 वादकांनी त्या मंद प्रकाशात, वेल्डरचे चष्मे लावून वाजवल्या. महागड्या ब्राझिलियन रोझवूडला इतरांपेक्षा अधिक पसंती मिळाली नाही आणि वादकांना त्या एकमेकींपासून ओळखणेही अवघड गेले. हा निबंध 2018 मध्ये अमेरिकन ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला आहे.

ही गोष्ट तशी जुनीच आहे. स्पेनचे अंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केलेली गिटार बनवली होती, कारण आवाज मुख्यतः तक्त्यातून येतो हे त्यांना सिद्ध करायचे होते. आजच्या शास्त्रीय गिटारचा पाया ज्यांनी घातला त्यांनीच हा प्रयोग केला, हे परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मिरजेचा_रहिवासी

नादशास्त्र यांच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही, किंवा त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी तरी नाही. त्या प्रयोगात सहाही गिटारी एका निष्णात कारागिराने बनवल्या होत्या. लाकूड कोणतेही असो, तक्ता किती पातळ करायचा आणि पट्टी कुठे तासायची हे त्याच्या हाताला ठाऊक होते. म्हणजे त्या प्रयोगाने परंपरेचे महत्त्व कमी होत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेले ते ज्ञान हीच परंपरा आहे. आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे येतात, ते वर्षानुवर्षे वाळवून ठेवले जातात, आणि कोणता भोपळा कोणत्या वाद्याला जाईल हे बोटांनी ठोकून ठरते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही परंपरा बाजारात सांगितली नाही तर यंत्रावरच्या स्वस्त मालापुढे आमचे कारागीर टिकणार कसे? परंपरेच्या जाहिरातीवर सरसकट टीका करताना याचा विचार व्हावा.

बोरिवलीचा_शंतनू

नवेपणाच्या जाहिरातीकडेही तितक्याच बारकाईने पाहावे, असे मला वाटते. यामाहाने 2016 मध्ये आणलेल्या ट्रान्सअकूस्टिक गिटारींत पाठीला आतून एक कंपक बसवलेला असतो. तो खोडालाच हलवतो आणि ॲम्प्लिफायरशिवाय गुंजनाचा परिणाम ऐकू येतो. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण बॅटरी संपली तरी हातात उत्तम लाकडी गिटार उरते. पण ज्या गिटारींचा सगळा डामडौल टचस्क्रीन आणि सॉफ्टवेअर यांवर उभा आहे, त्यांचे पंधरा वर्षांनी काय होणार, हे विकणारा सांगत नाही. 1950 ची गिटार आजही दुरुस्त होते. पडद्याचा सुटा भाग मिळणे बंद झाल्यावर त्या खाचेत काय बसवायचे? कार्बन फायबरच्या खोडाला दमट हवेचा त्रास होत नाही हे खरे आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी ते मोठे वरदान आहे. तेवढेच सांगून ती विकावी.

तंतुवाद्यप्रेमी

मिरजेचा रहिवासी यांचा आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला आधी उत्तर देतो. भौगोलिक मानांकन आणि स्थापनावर्ष यांत मला मोठा फरक दिसतो. मानांकन हे वाद्य कुठे आणि कोणत्या पद्धतीने बनले याची हमी देते, आणि तो दावा तपासता येतो. स्थापनावर्ष फक्त कंपनीचे वय सांगते. हातातले वाद्य कोणत्या देशात, कशापासून बनले ते सांगत नाही. मिरजेच्या कारागिरांची परंपरा बाजारात ठणकावून सांगितली पाहिजे, कारण ती वाद्यात प्रत्यक्ष उतरलेली आहे. माझा विरोध आहे तो एका वाद्याची पुण्याई दुसऱ्या वाद्याच्या नावे वळवण्याला.

लाकडाबाबत आणखी एक नमूद करतो. जानेवारी 2017 पासून शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि तयार वाद्यांनाही परवाने लागू लागले. नोव्हेंबर 2019 अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्यांनी मुकाट्याने दुसरी लाकडे वापरली. तेव्हा 'हे लाकूड आम्ही का बदलले' असे मोकळेपणाने सांगण्याची उत्तम संधी होती, आणि ती बहुतेकांनी दवडली.

विक्रेते महोदय, तुमच्यासाठी माझी सूचना अशी आहे की प्रत्येक गिटारला एक मराठी पत्रक बांधावे. तक्ता अखंड की थरांचा, पाठ-बाजू कशाची, नेकचा सांधा कोणता, खोडाचे माप कोणत्या उंचीच्या वादकाला बसते, आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यावी, एवढे त्यात असावे. 'थरांचा तक्ता' याच्यापुढेच 'दमट हवेत कमी हलतो, आवाज थोडा बंद' असे लिहिले तर त्या शब्दाची भीती उरणार नाही, कारण गुण आणि दोष दोन्ही तुम्हीच सांगितलेले असतील.

पेठेतला विक्रेता

हे करता येईल. मालकांशी बोललो, प्रथम दहा हजारांच्या आतल्या गिटारींना पत्रके लावायला त्यांची हरकत नाही. उंचीचा रकाना मृण्मयीताईंच्या प्रतिसादानंतर मीही धरला होता, मात्र सेंटिमीटरमध्ये आकडा न देता 'बसून पाहा, उजवा खांदा उचलला जात असेल तर लहान खोड घ्या' असे लिहावे म्हणतो. नेकच्या सांध्याची अडचण अशी आहे की स्वस्त गिटारींच्या माहितीपत्रकात तो दिलेलाच नसतो आणि बाहेरून ओळखू येत नाही.

कोकणवासी

ध्वनिछिद्रातून छोटा आरसा आणि विजेरी घालून नेकच्या मुळाशी असलेला ठोकळा पाहा. बोल्ट असतील तर त्यांची डोकी तेथे दिसतात. काही कंपन्या त्यांवर लेबल चिकटवतात, तेव्हा लेबलाखाली उंचवटा लागतो का ते बोटाने चाचपून पाहावे. काहीच आढळले नाही तर पत्रकावर 'सरसाने जोडलेली' असे लिहायला हरकत नाही, फक्त डव्हटेल म्हणू नका, कारण स्वस्त गिटारींत साधा खुंटीचा सांधाही असतो आणि तो वाफेने तसा सुटत नाही.